तुम्ही विचारलंत म्हणून: मुखिनाच का?

"त्या स्टालिनच्या दरबारी बाईचं तुम्हाला एवढं काय कौतुक?" वर्गात, प्रदर्शनात, परवा तर लग्नाच्या पंगतीतही विचारलंत. तर सांगते.

पंचविशीत मीही सोव्हिएत शिल्पकार व्हेरा मुखिनाला दरबारीच म्हणायचे. पाच स्टालिन पारितोषिकं! १९३७च्या पॅरिस प्रदर्शनातली तिची कामगार-शेतकरीण जोडी म्हणजे २४ मीटर उंच पोस्टर, असं माझं मत होतं. ठणकावून सांगायचे.

मग माझं ते प्रकरण झालं. एका गावच्या चौकासाठी पेरणी करणाऱ्या बाईचं शिल्प करत होते. पदर कमरेला खोचलेला, मान उघडी. अंबाडा आणि कान यांवर दोन दिवस घालवले होते. समिती मातीतलं काम बघायला आली. चहा झाला. एक जण म्हणाले, "ताई, सगळं झकास. फक्त डोक्यावर पदर घ्या." मी म्हटलं, डोक्यावर पदर सांभाळत एक ओळ पेरून दाखवा. सगळे हसले. माझा हप्ता अडकलेला होता. त्या रात्री मातीची पोळी लाटली आणि डोक्यावर अंथरली. कान आधी गेला, मग मान. ओल्या फडक्यानं कडा सारख्या करताना हात जरासुद्धा थरथरला नाही, त्याचाच राग अजून आहे.

मुखिनाच्या शेतकरणीमागे लांबलचक स्कार्फ आडवा उडतो. वरच्या मंडळींनी विचारलं, हा कशाला? तिनं सोडला नाही. ती आडवी रेषा गेली तर शिल्पाचा तोल जातो, हे तिचं म्हणणं. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्यातून तो हवेत तोलून धरायचा म्हणजे कारखान्याच्या तोंडाला फेस! पण आधी जवळजवळ उघड्या असलेल्या त्याच जोडीला, सांगितल्यावर तिनं कपडेही घातले. हेही खरंच.

१९३० मध्ये ती नवऱ्यासोबत देश सोडायला निघाली, पकडले गेले, नवऱ्याला व्होरोनेझला हद्दपार केलं. सात वर्षांनी त्याच राज्याच्या मंडपावर हे शिल्प. भीती? हौस? की एवढं पोलाद तिला दुसरं कोण देणार होतं? मला विचारू नका. मी एका हप्त्यासाठी कान बुजवला.

माती मातीवर चढवताना खालची खरवडून घ्यायची असते. मी घेतली नव्हती. मुद्दाम की घाईत, आठवत नाही. साचा निघाल्यावर माती सोलताना पदराची पोळी अलगद सुटली. खाली कान, जरा दबलेला. तोही बादलीत टाकला.