आमची वाटचाल : कोरा राहिलेला रकाना

स्टुडिओ सुरू केला तेव्हा आम्ही दोघंच होतो. कॅमेरा माझ्याकडे, हिशेब आणि पत्रव्यवहार धाकट्या बहिणीकडे. लग्नं-वाढदिवस करता करता जाहिरातीचं पहिलं काम आलं आणि ग्राहकाने विचारलं, "मॉडेल रिलीज घेताय ना?" म्हणजे फोटो वापरायला त्यातल्या माणसाने दिलेली लेखी परवानगी. त्याच रात्री इंटरनेटवरून तिचा एक फुकटचा नमुना उतरवला, प्रती काढल्या आणि पुढे वर्षभर त्यावरच सह्या घेतल्या.

मग एका स्टॉक एजन्सीकडून, म्हणजे तयार फोटोंचे वापरहक्क विकणाऱ्या कंपनीकडून, अख्खा संच परत आला. खिडकीच्या उजेडात चष्मा पुसणाऱ्या एका आजींचे फोटो होते ते. फोटोत खोट नव्हती, कागदात होती. साक्षीदाराची सही नाही, तारीख नाही. बहिणीने तो कागद माझ्यापुढे ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं. "दादा, हे वाचलंस का?" छायाचित्रकाराचं नाव हवं तिथे नमुन्यातले शब्द तसेच होते : 'येथे नाव लिहा'. आजींनी परवानगी दिली होती. पण कोणाला, तेच कागदावर नव्हतं.

नवा कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजी लगेच सही करायला बसल्या. त्यांच्या मुलाने मात्र कागद नीट वाचला आणि शांतपणे विचारलं, "उद्या हा फोटो एखाद्या औषधाच्या जाहिरातीत लागला तर? आईला तो आजार आहे असंच लोक धरून चालतील." 'कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी, कायमस्वरूपी' असं त्यात छापलेलं होतं आणि मीच ते कधी मन लावून वाचलं नव्हतं. तो संच आम्ही पुन्हा पाठवलाच नाही.

फोटोचा कॉपीराइट माझा असला तरी चेहरा त्या माणसाचा असतो, हे तिथे पक्कं डोक्यात बसलं. २००७ साली व्हर्जिन मोबाइलने ऑस्ट्रेलियातल्या जाहिरातीत एका अमेरिकन अल्पवयीन मुलीचा फ्लिकर या फोटो शेअर करण्याच्या साइटवरचा फोटो वापरला. छायाचित्रकाराने तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरायची आधीच परवानगी देऊन, ठेवला होता, व्यावसायिक वापराचीही मुभा होती. मुलीची संमती मात्र कोणी घेतलीच नव्हती. घरच्यांनी टेक्सासमध्ये दावा लावला. २००९ मध्ये तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला. संमतीच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही.

फुकटचे नमुने आम्ही आजही वापरतो, त्यात कमीपणा काहीच नाही. गेटी, शटरस्टॉक, अडोबी स्टॉक यांसारख्या एजन्सी आपले फॉर्म मोफत देतात. फोटो जिथे द्यायचा, तिथला फॉर्म घेतला की निम्मी डोकेदुखी जाते. थेट ग्राहकाच्या कामासाठी मात्र आमचा स्वतःचा मसुदा आहे, वकिलाकडून एकदा तपासून घेतलेला. त्या फीची मला कधीच रुखरुख वाटली नाही. मूल असेल तर आई-वडिलांची किंवा पालकाची सही, साक्षीदार तिसराच कोणीतरी, घर किंवा दुकान ओळखू येत असेल तर त्याच्या मालकाचा वेगळा प्रॉपर्टी रिलीज. बातमीसाठी काढलेल्या फोटोला सहसा रिलीज लागत नाही, पण तोच फोटो जाहिरातीत गेला की लागतो. इथे भलेभले चुकतात.

आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो मात्र एका रकान्यावर. आजार, व्यसन, राजकारण : या प्रत्येकापुढे 'चालेल' किंवा 'नाही' असं सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. अलीकडे त्यात एआयच्या प्रशिक्षणासाठीचा वापर घातला, कारण जुन्या नमुन्यांत त्याचा उल्लेखच नसतो. कॅमेरा बॅगेतून काढण्याआधी बहीण हा कागद समोरच्याला त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवते आणि सही झाली की एक प्रत त्याच्या हातात देते.

मागच्या महिन्यात एका मुलीने आजारापुढे 'नाही' लिहिलं. काम आरोग्य विम्याचं होतं. ग्राहकाला फोन करून एक दिवस मागून घेतला आणि त्या कामासाठी दुसरी व्यक्ती शोधली.