लाल लाईट पेटला तेव्हा सव्वातीन वाजले होते

कोल्हापूरहून एका गिऱ्हाइकाची १९६७ ची फियाट डिलाइट पुण्याला आणत होतो, मी आणि गॅरेजमधला बारक्या. उंब्रजच्या पुढे डायनमोचा, म्हणजे बॅटरी चार्ज होत नसल्याचा, लाल लाईट लागला. बोनेट उघडलं तर डायनमो फिरवणारा बेल्ट शाबूत. बेल्ट तुटला असता तर वॉटर पंप आणि फॅन पण गेले असते, मग टो करण्याशिवाय इलाज नव्हता. डायनमोच्या कव्हरमधून बघितलं तर कार्बन, म्हणजे आतून करंट बाहेर काढणारे ब्रश, पार संपलेले. निघताना बघायला पाहिजे होते, चूक माझीच.

बारक्या म्हणतो दादा टोइंगवाल्याला फोन लावू. म्हटलं थांब जरा, ही कार्बोरेटरची गाडी, पेट्रोल पंप इंजिनवर चालतो, हिला करंट लागतो तो फक्त स्पार्क देणाऱ्या कॉइलला, तीन-चार अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-तासाची, जुनी म्हणून अर्धीच धर, तरी चार तास निघतात. पण हेडलाईट लावले की वर साडेसात अँपिअर, मग दीड तासात खेळ खलास. म्हणजे अंधाराच्या आत जेवढं जाता येईल तेवढं जायचं. डायनमोच्या वायरी काढून टेप मारली, नाहीतर कटआऊट, म्हणजे डायनमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला तर उलटा डायनमोच बॅटरी खाणार.

बारक्याच्या मांडीवर मल्टीमीटर, वायरी फ्यूज बॉक्सला. हॉर्न बंद, इंजिन बंद करायचं नाही, कारण सेल्फ, म्हणजे स्टार्टर, एका झटक्यात शंभरच्या वर अँपिअर ओढतो. बारक्या स्कोअर सांगितल्यासारखा ओरडत होता, "बारा पॉइंट एक... दादा ब्रेक नका मारू ना, अकरा नऊ झालं!" ब्रेकलाईटचे दोन बल्ब पण आकडा पाडतात हे त्याला त्या दिवशी समजलं, आणि मग मी पण जमेल तिथे गिअर खाली टाकूनच स्पीड कमी करत गेलो. आनेवाडी टोलच्या लाईनीत फुकट जळणारी ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. खंबाटकीच्या बोगद्यात मात्र हेडलाईट लावणं भागच होतं, लावले आणि आकडा सरळ अकरा चारवर. बाहेर पडल्या पडल्या बंद.

खेड शिवापूरच्या अलीकडे अंधारायला लागलं आणि गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके द्यायला लागली. म्हटलं बस, आता अंधारात बिनलाईटची गाडी हायवेवर नको. ढाब्यावर घेतली, बंद केली, आणि उगाच सेल्फ मारून बघितला. टक्. बास, एवढंच.

गॅरेजवरून बॅटरी मागवली आणि चहा सांगितला, तेवढ्यात गाडीच्या मालकांचा फोन. "हॉर्न ओरिजिनल आहे बरं का, वाजवून बघितला का?"

म्हटलं साहेब, उद्या वाजवू.