वीरगळ वाचायचा तर खालून वर

शेताच्या बांधावर किंवा भैरोबाच्या देवळामागे एखादा कोरीव दगड उभा असला की गावात हमखास दोन गोष्टी ऐकू येतात: तो पांडवकालीन आहे, आणि त्याच्याखाली धन आहे. दुसऱ्या समजापायी कित्येक दगड उखडले गेले.

कुणी अशा दगडांना थेट प्रागैतिहासिकही म्हणतं. पुणे जिल्ह्यात प्रागैतिहासिक माणूस राहत होता, यात शंका नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली. पण तिथले मृत घरातल्या जमिनीखाली पुरलेले सापडले, मुलं बहुधा मडक्यांत. मृतांसाठी मोठमोठे दगड मांडण्याची लोहयुगीन चाल बघायची तर विदर्भात, नागपूरजवळ जुनापाणीला जावं लागतं. तिथल्या शिळावर्तुळांतले धोंडे ओबडधोबड आहेत, त्यांवर मूर्तिकाम नाही. आपल्याकडच्या उभ्या दगडावर माणसं, घोडे, पिंडी कोरलेली दिसली, तर तो बहुतेक वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा स्मारकदगड असतो, आणि साधारण शिलाहार-यादव काळातला किंवा त्यानंतरचा.

वीरगळावर एकावर एक तीन-चार चौकटी असतात. सर्वांत खाली वीर आडवा पडलेला. शेजारी गाई असतील तर तो गोधन राखताना मेला. त्यावर लढाई: ढाल-तलवार, कधी घोडेस्वार. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, आणि वरच्या चौकटीत तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. लढाई आणि अप्सरा एकाच चौकटीत दाटलेल्याही सापडतात. कर्नाटकातल्या वीरगळांवर लेख बरेच असतात, आपल्याकडे क्वचित. त्यामुळे वीराचं नाव मिळण्याची आशा धरू नये.

कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर गधेगळ. ते स्मारक नव्हे, दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी आहे. गधेगळावर लेख असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याची पाठ आणि कडाही तपासाव्यात.

खरी अडचण खालच्या चौकटीची. मरण कशामुळे आलं ते तीच सांगते, आणि नेमकी तीच जीर्णोद्धाराच्या ओट्यात किंवा फरशीत गाडली जाते. चौकटी दोनच दिसत असतील तर दगड जमिनीत किती आहे ही शंका आधी घ्यावी. पण पहार लावू नये. उंची ‘जमिनीपासून’ अशी नोंदवावी, रुंदी-जाडी, तोंडाची दिशा आणि मोबाइलवरचं स्थान लिहून घ्यावं.

बेसॉल्टवरचं उठावाचं कोरीव काम झिजलेलं असतं. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं. उभ्या दगडावर भर दुपारचं ऊन वरून घसरतं, त्यात चौकटींच्या आडव्या पट्ट्या ठळक होतात, पण माणसांचे हातपाय हरवतात. त्यापेक्षा संध्याकाळी उजेड गेल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरावा. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून. कॅमेरा हलवायचा नाही, फक्त टॉर्च. शेजारी मोजपट्टी ठेवावी, पण एक फोटो तिच्याशिवायही घ्यावा.

खडूने किंवा पिठाने रेषा भरणं बंदच करायला हवं. पूड दगडाच्या छिद्रांत बसते, शिवाय भरणाऱ्याला जे दिसलं तेच पुढे सगळ्यांना दिसतं. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिडही नको. माती असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी. तेल-शेंदराचे थर मात्र खरवडू नयेत. त्या दगडाची पूजा चालू असते, आणि थराबरोबर कोरीव कामाची कड निघते. ते काम जाणकार संवर्धकाचं, तेही गावाच्या संमतीने.

वीरगळ वाचायची सवय करायला इंदापूर तालुक्यातलं पळसदेव चांगलं. उजनीच्या फुगवट्यातलं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. वाईजवळ किकलीला तर भैरवनाथाच्या आवारात वीरगळांची रांगच आहे, एकाच ठिकाणी ताडून पाहता येतात.

नवीन दगड सापडला तर ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून उचलून नेऊ नका. जागा सुटली की कुठली वेस, कुठली पांदी, कुठलं देऊळ हा निम्मा पुरावा जातो. फोटो आणि मापं घेऊन ग्रामपंचायतीला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. रस्तारुंदीकरण जवळ आलं असेल तर हे आधी करा, मुरमाच्या ढिगाखाली गेलेला दगड पुन्हा कुणी शोधत नाही.