निळा कागद आणि काळा गूळ

स्मरणिकेसाठी लिहून दे म्हणून तीनदा फोन आला, तेव्हा आधीच सांगतो की मी काही हुशार विद्यार्थी नव्हतो, नववीत मराठीत कसाबसा पास आणि गणिताचं तर बोलायलाच नको. पण आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेनं मला एकदा मामाचा लई मोठा मार खायला लावला, ती गोष्ट सुवर्णमहोत्सवाला सांगायलाच पाहिजे.

साल 1993. सहामाही संपली होती आणि दिवाळीच्या सुट्टीआधी विज्ञानाच्या बाईंनी आम्ल-अल्कली शिकवलं. लिंबाच्या रसात निळा लिटमस बुडवला की लाल, चुन्याच्या निवळीत लाल बुडवला की निळा. बाईंनी हळद लावलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकून दाखवलं, तो कागद कुंकवासारखा लालभडक झाला तेव्हा मागच्या बाकावरची पोरंपण उठून पुढं आली. लिटमस हा लायकेनपासून करतात, म्हणजे आपल्या कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल असतं ना त्याच्या जातकुळीतला, हे पण बाईंनीच सांगितलं, आणि मी घरी जाऊन आईच्या डब्यातलं दगडफूल उकळून बघितलं, तर नुसतं तपकिरी पाणी झालं आणि आईचा ओरडा मिळाला तो वेगळाच.

तर सुट्टीला निघताना मी लिटमसच्या दोन्ही रंगाच्या थोड्या पट्ट्या कंपासपेटीत घातल्या. चोरीच ती, आता पन्नास वर्षं झाली शाळेला, माफ करा.

मामाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ. रस काहिलीत पडला, तिकडं चुलवाणात चिपाड ढकलणं चालू, मी हळूच निळी पट्टी बुडवली, लाल! म्हणजे उसाचा रस आम्ल. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मग गूळ शिजवणाऱ्या गुळव्या तात्यांनी भेंडीचं चिकट पाणी घातलं, काळी मळी वर आली ती झाऱ्यानं काढली, आणि बादलीत दुधासारखा कालवलेला चुना होता त्यातला थोडा घातला, कसलं माप नाही काही नाही, फेसाच्या रंगाकडं बघत. विचारलं कशाला, तर म्हणाले, "न्हाई घातला तर गूळ रवा धरत न्हाई, चिकाट ऱ्हातोय."

मी लाल पट्टी बुडवली. निळी होईना. जांभळट पडली आणि तिथंच थांबली. आता पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय, चुना म्हणजे अल्कली आणि अल्कलीत लाल लिटमस निळा. म्हणजे तात्यांचा चुना कमी पडला! तात्या तंबाखू मळायला बाजूला गेले तेवढ्यात मी तांब्या भरून चुना ओतला, पट्टी बघितली, आणि एक ओतला. पट्टी निळी झाली. मी खूश.

ते आधण साच्यात ओतलं तेव्हा गूळ नव्हे, डांबर दिसत होतं. तात्यांनी बोटावर घेऊन चाटलं, थुंकले आणि माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं. पुढचं मामानं केलं. "आरं ए शास्त्रज्ञा, ह्यो यार्डात कोण घेणार, तुझा बा?" कोल्हापूरचा गूळ म्हणजे पिवळाधमक पाहिजे, काळ्याला भाव पडतो. तो पूर्ण लॉट आमच्याच दोन घरांनी वर्षभर चहात घालून संपवला.

सुट्टीनंतर बाईंना सगळं सांगितलं, चोरीसकट. बाई रागावल्या नाहीत, हसल्या पण नाहीत, मला म्हणाल्या, "अरे लिटमस फक्त बाजू सांगतो, किती ते सांगत नाही." मग कपाटातून पीएच पेपरची डबी काढली, शेजारी रंगांचा तक्ता. पीएच म्हणजे आम्ल-अल्कली किती ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधोमध, त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. उसाचा रस साधारण पाचाच्या थोडा वर, गुळव्या तो सहाच्या पुढं नेतो पण सातच्या आत ठेवतो, म्हणजे तात्यांना निळा करायचाच नव्हता, आम्ल थोडं मारायचं होतं बस. आम्ल जास्त राहिलं तर उकळताना साखर फुटते आणि गूळ बसत नाही, आणि चुना जादा झाला तर रसातला ग्लुकोज-फ्रुक्टोज करपल्यासारखा काळा पडतो. "आणि पाचावरून आठावर नेलास म्हणजे तीनची उडी नाही रे, आम्लपणा हजार पटीनं कमी केलास." हे हजार पट मला तेव्हा कळलं नाही, काळा गूळ मात्र कळला होता.

आता मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसला आहे, दिवसातून वीसेक वेळा पीएच बघतो. हा पीएचचा आकडा सोरेनसेन नावाच्या माणसानं 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढला, म्हणजे बियरवाल्यांच्या लॅबमध्ये, ते बाईंनी काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी त्या गुळाचा एक खडा मागून घेतला होता. काचेच्या बरणीत, वर चिठ्ठी, 'चुना जास्त', आणि लिटमसच्या डबीशेजारी ठेवला. दहावीला गेलो तेव्हा बघितलं तर झाकण सैल राहिलेलं, बरणीत मुंग्यांची रांग लागलेली. काळा असला तरी गोडच होता म्हणायचा.