गाणारा बाजूला झाल्यावर

बावीस वर्षं मी मिक्सरवर बसतोय. जत्रा, गणपती, लग्नाच्या वरातीनंतरचा ऑर्केस्ट्रा. आमच्या धंद्यात सगळा जीव गायकाच्या माईकमध्ये. त्याचा आवाज वर, त्यावर चिमूटभर इको, बाकीचे त्याच्या मागे. म्हणून जमैकाच्या बर्निंग स्पिअर या रेगे गटाचा ‘गार्वीज घोस्ट’ हा अल्बम पहिल्यांदा हेडफोनवर लावला तेव्हा हात आपोआप फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायची सरकपट्टी, शोधायला लागला. गायकच नव्हता!

आधी मूळ अल्बम ऐका, मगच हा. मूळ म्हणजे 1975 चा ‘मार्कस गार्वी’. जमैकात, किंग्स्टनच्या रँडीज स्टुडिओत निर्माता जॅक रूबीनं करून घेतलेला. गार्वी म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेला जमैकाचा पुढारी. गटाचा गायक विन्स्टन रॉडनी, त्याचा आवाज प्रार्थनेला बसल्यासारखा, मागे दोन साथीदार. पहिल्याच गाण्यात तो म्हणतो की गार्वी बोलला होता ते खरं झालं, खायला अन्न नाही, खर्चायला पैसा नाही. गार्वी आणि रॉडनी दोघंही सेंट अ‍ॅन्स बे या एकाच गावचे. आपल्या गावच्या थोर माणसाला हाक मारावी तसं ते गाणं आहे.

पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, आयलंड या रेकॉर्ड कंपनीनं त्याच टेपवरून डब काढला, तोच ‘गार्वीज घोस्ट’. डब म्हणजे नवं वाजवणं नाही. एकेक वाद्य टेपवर वेगळ्या ट्रॅकवर असतं; इंजिनिअर टेप चालू ठेवून गिटार मध्येच बंद करतो, ट्रम्पेटचा एक सूर इकोत सोडून देतो, तो सूर विरेपर्यंत खाली नुसता बेस आणि ड्रम. ही विद्या किंग्स्टनमध्ये वाढवली ती किंग टबीनं, आणि तो मूळचा रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

‘गार्वीज घोस्ट’ मात्र जमैकात नाही, लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये मिक्स झाला. जॉन बर्न्स आणि डिक कथेल यांनी केला. जाणकार म्हणतात, टबीच्या मानानं हा फार सभ्य आहे. खरं आहे ते. टबी सुरा चालवतो, हे दोघं पडदा सरकवतात. पण मला हाच जास्त आवडतो, कारण यात बेसला मोकळं अंगण मिळालंय. रॉबी शेक्सपिअर आणि अ‍ॅस्टन बॅरेट, दोघांचे हात आहेत त्यात, आणि ड्रमवर लीरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेस. ‘स्लेव्हरी डेज’ या गाण्यात रॉडनी विचारत राहतो, गुलामीचे दिवस आठवतात का? डबमध्ये त्याचं नाव ‘आय अँड आय सर्व्हाइव्ह’. विचारणारा बाजूला झाला तरी त्याच्याखालची चाल जागची हलत नाही. मूळ गाणं कानात असलं की प्रश्न आपल्याच डोक्यात उमटतो.

आणि नावातलं भूत. गार्वी 1940 मध्ये लंडनमध्येच वारला. 1964 मध्ये त्याचे अवशेष जमैकात नेले. तो गेला त्याच शहरात त्याच्या नावाच्या गाण्यातून आवाज काढून घेतला गेला, हे मनातून जात नाही.

गेल्या चैत्रात एका जत्रेत ऐन लावणीत गायिकेच्या माईकची केबल गेली. मी स्टेजकडे धावलो, पण ढोलकी आणि बेस गिटार थांबले नाहीत. पब्लिकही थांबलं नाही. केबल बदलून झाली होती, तरी मी चार आवर्तनं फेडर खालीच ठेवला.

परतताना टेम्पोत ढोलकीवाल्याला इअरफोनचं एक टोक दिलं. पाच मिनिटं तो गुडघ्यावर बोटं वाजवत होता. मग म्हणाला, “दादा, गाणारा कधी यायचा?”

“येत नाही.”

“मग पहिल्यापासनं लावा.”