विट्याच्या मागावर अँटिस्टॅटिक कापड काढायचं असेल तर

'स्मार्ट फॅब्रिक' म्हटलं की नाडी मोजणारा शर्ट किंवा बटण दाबल्यावर गरम होणारं जॅकेट डोळ्यासमोर येतं. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या साध्या मागवाल्याने सध्या त्याच्या नादी लागू नये, असं माझं मत. त्यात विणकाम सगळ्यात सोपं. डोकेदुखी असते ती धाग्याला वायर जोडण्याची, बॅटरीची आणि धुलाईची. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा क्लोरीनच्या ब्लीचमध्ये खराब होतो, धुण्यागणिक त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. (चांदी विट्याला नवी नाही म्हणा, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचं गाव आहे. त्या धाग्याच्या चिंध्या तेवढ्या फेकू नका.)

सुरुवात अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणाऱ्या कापडाने करावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत, गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये ते लागतं. साध्या पॉलिस्टर-कॉटनमध्ये ठरावीक अंतरावर कार्बनचा वाहक (वीज वाहून नेणारा) धागा, उभा आणि आडवा, एवढाच त्याचा गाभा.

धागा घेताना एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: कार्बन बाहेरच्या अंगाला आहे की आत? कार्बन गाभ्यात असलेला धागा स्थिर वीज हळूहळू हवेत सोडतो, पण पृष्ठभागावर मीटर ठेवला तर काहीच दाखवत नाही. गिऱ्हाईक रोध मोजून माल घेणार असेल तर बाहेर कार्बन असलेलाच धागा हवा. नुसत्या दिसण्यावरून खात्री होत नाही, त्यामुळे फसगत अख्खा तागा निघाल्यावर कळते.

आता हिशोब. 72 ची फणी (दोन इंचांत 72 घरं), घरात दोन धागे, फणीत रुंदी 63 इंच; म्हणजे 4,536 उभे धागे. तेरा साधे, चौदावा वाहक, असं घेतलं तर दोन वाहक धाग्यांतलं अंतर 5 मिमीच्या किंचित आत बसतं. चौदा ही सम संख्या असल्यामुळे वहिफणी भरताना (उभे धागे वही आणि फणीतून ओवताना) घरातली जोडीही बिघडत नाही. एकूण वाहक धागे 324. 20 डेनिअर (9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन) कार्बन आणि 75 डेनिअर पॉलिस्टर पिळून केलेला धागा धरला, तर 1,000 मीटरच्या बीमला (उभे धागे गुंडाळलेला रूळ) उभ्यासाठी साधारण साडेतीन किलो लागतो, वेस्टेज वेगळं. सगळे धागे एकाच बीमवर घेणार असाल तर सेक्शनल वार्पिंगला (उभे धागे पट्ट्यापट्ट्यांनी बीमवर घेताना) 420 धाग्यांचा सेक्शन घ्या: 390 कोन साधे, 30 वाहक. असे दहा सेक्शन आणि शेवटचा 336 चा. प्रत्येक वाहक कोनवर किमान 11,000 मीटर धागा हवा, नाहीतर मधेच गाठी येतात. गाठीशी वाहकता तुटू शकते.

सगळ्यात जास्त त्रास ताणाचा. साधं सूत आणि हा पिळलेला धागा सारखे ताणले जात नाहीत. पण असे एकाच बीमवर घेतले की काही मीटरनंतर काळे धागे ढिले पडून लोंबतात, नाहीतर तटतटून तुटतात. म्हणून शक्यतो वाहक धाग्यांसाठी मागाच्या वर वेगळा छोटा बीम बसवा आणि त्याला हलकं वजन लावा. पिळलेल्या धाग्याला बहुतेक वेळा सायझिंगची (खळ लावण्याची) गरज पडत नाही, तोही खर्च वाचतो. टेंपलच्या (कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या पट्टीच्या) काट्याखाली येणाऱ्या किनारीच्या पट्ट्यात मात्र वाहक धागा ठेवू नका, तिथे तो हमखास दुखावतो.

आडव्या धाग्याला दोन धोटे लागतात, म्हणजे ड्रॉप बॉक्सचा (धोटे बदलणाऱ्या पेटीचा) माग. एकाच बाजूला पेटी असेल तर धोटा जाऊन परत यावा लागतो, म्हणून वाहक पिक (आडवे धागे) जोडीनेच पडतात. इंचाला 52 पिकांच्या कापडात 16 साधे आणि 2 वाहक घेतले तर फेरा, म्हणजे एका वाहक जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंतचं अंतर, 9 मिमीच्या आत राहतो. 18 आणि 2 घेतले तर तो पावणेदहा मिमीला जातो. अँटिस्टॅटिक कपड्यांच्या ईएन 1149-5 या युरोपीय मानकाची मर्यादा 10 मिमी. फिनिशिंगच्या स्टेंटर मशीनवर कापड थोडं जरी ताणलं गेलं तरी ती ओलांडली जाईल. रेपिअर (बिनधोट्याचा माग) असेल तर एकेक पिकही टाकता येतो. कांडीवरून हा गुळगुळीत धागा एकदम सुटून गुंता होतो, त्याला उपाय म्हणजे धोट्याच्या आतून फर चिकटवणे.

न दिसणारा दोष वेगळाच. फणीच्या पात्याला बारीक खरवड असली की आतला 20 डेनिअरचा कार्बन तुटतो आणि पॉलिस्टर मात्र शाबूत राहतं. कापड डोळ्याला चोख दिसतं, कापडातले दोष काढणाऱ्या मेंडिंगवालीलाही काही सापडत नाही, आणि मीटर लावला की पट्टा मुका. म्हणून बीम चढवण्याआधी जॉबरकडून (माग दुरुस्त करणाऱ्याकडून) फणी नखाने तपासून घ्या. साधा मल्टिमीटर इथे बिनकामाचा, कारण रोध मेगाओममध्ये असतो. 100 व्होल्टवर मोजणारा मीटर आणि सुमारे अडीच किलो वजनाचे दोन गोल इलेक्ट्रोड लागतात. आयईसी 61340 या स्थिर विजेच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत कपड्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 10 च्या अकराव्या घाताइतक्या ओमची वरची मर्यादा आहे.

आणि पावसाळ्यातल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. सांगली भागात ऑगस्टच्या दमट हवेत कॉटन ओलावा धरतं आणि वाहक धागा नसलेलं कापडही ऐटीत पास होतं. खरी चाचणी 12 टक्के आर्द्रतेत, कापड 48 तास तिथे ठेवून करतात. फिनिशिंगवाल्यालाही आधीच सांगून ठेवा: सिलिकॉन सॉफ्टनरचा थर बसला की रोध वाढतो. काही सॉफ्टनर उलट तो तात्पुरता कमी दाखवतात, पण दोन-चार धुण्यांत खरं रूप बाहेर येतं. म्हणून नमुना धुऊनच मोजायचा.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. 2020 साली राष्ट्रीय टेक्निकल टेक्स्टाइल मिशनला 1,480 कोटी मंजूर झाले, पण त्याचा भर संशोधन, बाजारपेठ आणि प्रशिक्षणावर. मागावरच्या भांडवली अनुदानाची टफ (तंत्रज्ञान सुधारणा निधी) योजना मार्च 2022 मध्ये संपली. त्या आठवणीवर नवा माग बुक करू नका. आहे त्या ड्रॉप बॉक्सवर पहिला बीम काढा.

मजुरीचं मात्र आधी ठरवा. खर्चीवाल्याने (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्याने) हे काम नेहमीच्या पिकाच्या दराने घेतलं तर नुकसान ठरलेलं: माग हळू चालतो, दोन प्रकारच्या कांड्या भराव्या लागतात, दुसरा बीम सांभाळावा लागतो. दर मीटरवर बोला, आणि वाहक धागा पार्टीकडूनच (काम देणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच) घ्या, कोनच्या लॉट नंबरसकट.