मामांची पहिली सोनेरी एल

कोकणी माणसाची जीभ किती चिकित्सक असते ते पाहायचं असेल, तर त्याला जेवायला बसवावं. सुरमई बर्फातली की होडीवरून थेट आलेली, हे तो पहिल्या घासाला सांगतो. सोलकढीत नारळाचं दूध पातळ पडलं असेल, तर यजमानीण समोर असतानाही सांगतो. हाच माणूस बियर पिताना मात्र एवढंच विचारतो, ‘थंडगार आहे ना?’

दोष त्याचा नाही. बाटलीतून आपल्यापर्यंत येते ती बहुतेक लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बियर, त्यातही स्ट्राँगला मागणी जास्त. ती इतकी गार प्यायची की चवीचा जिभेला पत्ताच लागू नये. उकाड्यात मीही पितो. पण तिची चव कशी होती असं कुणी विचारलं, तर ‘गार होती’ याच्यापुढे माझी गाडी जात नाही.

शिरोड्याच्या मामांना त्या दिवशी किरणपाणीच्या पुलावरून पलीकडे गोव्यात नेलं, ते एका ताज्या बियरच्या ठिकाणी. गाडी वहिनी चालवणार होती, त्यामुळे मामा निर्धास्त होते. फक्त ‘माका कडू काय्येक नको’ एवढी त्यांची अट. एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बियर. तिच्यातली आयपीए (इंडिया पेल एल) चांगलीच कडू, म्हणून ती टाळून मी सोनेरी एल सांगितली. बियरचा कडवटपणा आयबीयू या मापात मोजतात. सौम्य सोनेरी एलमध्ये तो वीसच्या आसपास असतो, आयपीएमध्ये साठापर्यंत सहज जातो. सोनेरी एलमध्ये अल्कोहोलही चार-पाच टक्केच.

ग्लास आला. रंग कोवळ्या उन्हाचा, वर पांढरा फेस. मामांनी सवयीने मोठा घोट घेतला आणि थांबले. फार गार नव्हती. एल साधारण आठ-दहा अंशांवर बरी लागते. त्याहून गार केली तर वास दबतो, आणि पैसे त्या वासाचेच तर दिलेले असतात. मी म्हटलं, आधी हुंगा. त्यांनी हुंगलं. ‘बिस्किटाचो वास येता रे.’ बरोबर होतं. जवाला मोड आणून तो वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. मंद आचेवर वाळवला तर रंग फिका राहतो आणि पाव-बिस्किटासारखा वास येतो. आच वाढली की तपकिरी, मग काळा, मग कॉफीची आठवण करून देणारा. शेवटी जिभेच्या मागे जो किंचित कडवटपणा राहतो, तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. आपल्याकडे ती वेल हिमाचलातल्या लाहौलसारख्या थंड भागात होते. कोकणात लावून पाहायचा विचारसुद्धा करू नये.

पहिल्यांदा चाखणाऱ्याला सोनेरी एल द्यावी असं मला वाटतं, पण ती सौम्य असते म्हणून नव्हे. तिच्यात दोष लपवायला जागा नसते. स्टाउट नावाच्या काळ्या बियरमध्ये भाजका माल्ट बरंच सांभाळून घेतो. इथे पाणी, माल्ट किंवा यीस्ट यांपैकी काहीही बिघडलं की लगेच कळतं. आणि मुळात ही बियर लागरवाल्यांना ओढून आणायलाच रुजली. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या एक्समूर कंपनीने 1986 मध्ये काढलेली ‘एक्समूर गोल्ड’ या प्रकारातली पहिली मानली जाते. तपकिरी एलला नाक मुरडणारे लोक हा फिका रंग बघून पुढे आले.

सोबत तिसऱ्यांचं सुकं आलं. तिखटावर कडवट बियर घेतली की तोंडात आग वाढते, ही मात्र खोबऱ्याशी छान जुळवून घेत होती. मामांनी परस्पर निकाल दिला, ‘हिच्यावांगडा तिरफळाचा काय नको. तिरफळ हिका खातला.’ मला हे कुठल्याही चाखणीच्या तक्त्यापेक्षा नेमकं वाटलं.

मग विषय माडीकडे वळला, वळणारच होता. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छाटून मडकं बांधायचं, थेंब-थेंब रस जमतो, आणि कुणी काही न घालता तो आपोआप आंबतो. सकाळी गोड, दुपारनंतर आंबूस. एल आंबवणारं यीस्ट, सॅक्करोमायसिस सेरेव्हिसी, माडीत आपणहून येऊन पडणाऱ्या यीस्टांतही असतं. मामांना हे सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या चार पिढ्या जे बघत आल्या, त्याला शास्त्राने नाव दिलं, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरा ग्लास मागवताना त्यांनी वेटरला थांबवलं आणि शुद्ध मराठीत, अगदी गंभीरपणे विचारलं, ‘ही सकाळची की संध्याकाळची?’ पोरगा गोंधळला. पण असली हलकी एल ताजी असतानाच खरी लागते, महिनोन्‌महिने ठेवली तर तिचा वास उडतो, तेव्हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. तो आत विचारायला गेला.